लाकडी पुतळा घ्यावा की सांध्यांचा प्लॅस्टिकचा?

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत स्मरणचित्र, म्हणजे आठवणीतून काढायचं चित्र असतं. त्यासाठी छोटा पुतळा समोर ठेवून मानवाकृतीचा सराव करणाऱ्या मुलांचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. माझ्या टेबलावर दोन्ही आहेत.

लाकडी पुतळ्याची बाजू भक्कम आहे. छाती, ओटीपोट, मांड्या असे सुटसुटीत आकार असल्यामुळे शरीराची ठेवण पटकन कळते. खांदे एकीकडे कलले की कंबर उलटीकडे कशी जाते, हे नवशिक्याला तो फार सोपं करून दाखवतो. एका बाजूनं दिवा लावा, छायाप्रकाश स्वच्छ मिळतो. फूटभर उंच असल्यानं लांबूनही दिसतो.

माझं अडलं ते बसण्यापाशी. आपल्या चित्रांतली निम्मी माणसं बसलेली असतात. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत भाजीवाल्या मावशी एक गुडघा उभा धरून, दुसरा पाय दुमडून बसतात. पंगतीत मांडी, नळापाशी उकिडवं. माझ्या लाकडी पुतळ्याला यातलं काहीच जमत नाही. मांडी खुब्यातून बाहेर वळत नाही, गुडघा काटकोनापुढे जेमतेम जातो, टाच मांडीजवळ येतच नाही. जोर लावून वाकवावं, तर आतली स्प्रिंग पाय परत ओढते. त्यात कमरेखाली स्टँडची दांडी! शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग कुस्ती मैदानातला शड्डू ठोकणारा पैलवान काढायचा म्हटला, तरी हात उचलला जातो आणि खांदा जागचा हलत नाही.

प्लॅस्टिकच्या पुतळ्याला गुडघ्या-कोपरांत दुहेरी सांधे असतात, खांदाही सरकतो. मांडी पुरती जमिनीला टेकत नाही, पण घातलीय हे कळतं. उकिडवा तर छान बसतो. मात्र तो जेमतेम वीतभर, सुटे पंजे हरवतात, सांधे हळूहळू ढिले पडतात. स्नायू कोरलेले असल्यामुळे मावशींचे दंडही पिळदार होऊ लागतात, तेवढं भान ठेवावं लागतं.

प्रत्येकाची गरज वेगळी. इंटरमिजिएटच्या आधीच्या एलिमेंटरी परीक्षेच्या मुलाला लाकडी पुरेल. पुढे प्रसंगचित्रं करायची असतील, तर मी तरी प्लॅस्टिकचाच घेईन. बसल्यावर दबणारी मांडी आणि लुगड्याच्या चुण्या मात्र दोन्हींत नाहीत. त्यासाठी वही घेऊन मंडईतच जावं लागतं. दुकानात खोका उघडून घ्या आणि पुतळा आधी उकिडवा बसवून बघा. ऑनलाइन मागवताना बसलेल्या अवस्थेतला फोटो नसेल, तर थांबा.