बोअरस्कोप, एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत: चित्र उत्तम, तारखेची बोंब

या बोअरस्कोपबद्दल, म्हणजे इंजिनाच्या आत डोकावणाऱ्या नळीच्या कॅमेऱ्याबद्दल, सर्व्हिस सेंटरशी चाललेलं भांडण मिटलं की लिहायचं, असं ठरवलं होतं. भांडण मिटलं नाही, वॉरंटी मात्र संपली, म्हणून आता लिहितो. कंपनीचं नाव देत नाही. याच साच्यातला कॅमेरा बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतो आणि आतलं घड्याळ सगळ्यांत सारखंच असणार, असा माझा दाट संशय आहे. ६ मिलिमीटरची नळी, वाकवता येणारं टोक, हातातल्या दांड्यालाच पडदा, किंमत ३० हजारांच्या आत. बाकी तपशील घेणाऱ्याला ठाऊक असतातच.

आमचं विमान सेसना १७२, जुनं, लायकॉमिंग ओ-३२० इंजिनाचं, चौघा मित्रांच्या भागीदारीतलं. आम्ही राहतो नाशिकला, विमान असतं धुळ्याला. पावसाळ्यात ते बरंचसं उभंच राहतं आणि नुसतं उभं राहणं या इंजिनाला उडण्यापेक्षा जास्त बाधतं. तेल खाली निथळून जातं, दमट हवा आत शिरते आणि गंज धरायला सुरुवात होते. लायकॉमिंगचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वरच्या अंगाला असल्यामुळे पहिला तोच उघडा पडतो. तिथवर हा कॅमेरा पोचत नाही. सिलिंडरच्या भिंती मात्र दिसतात आणि तेवढ्यासाठीच गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही तो घेतला.

पहिल्या वापरात मी खूश होतो, हे आधी सांगतो. वरचा स्पार्क प्लग काढायचा आणि त्या १८ मिलिमीटरच्या भोकातून नळी आत सोडायची. सरळ नळीला समोर पिस्टनचा माथा आणि भिंत दिसते. व्हॉल्व्ह प्लगप्रमाणेच हेडमध्ये असल्यामुळे तिच्या पाठीमागे राहतात. म्हणून टोक जवळजवळ उलटं वळणं गरजेचं, आणि इथे ते खरोखर वळतं. भिंतीवरच्या होनिंगच्या, म्हणजे घासणीच्या, तिरप्या रेघा, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावरची तांबूस-करडी वर्तुळं, खालच्या प्लगच्या टोकाशी साचलेले शिशाचे बारीक मणी, सगळं स्वच्छ दिसलं. प्लग काढणं, प्रॉपेलर हाताने फिरवणं, पुस्तकात नोंद आणि सही हे सगळं आमच्या एएमईंचं, म्हणजे विमानाची देखभाल करणाऱ्या परवानाधारक इंजिनिअरचं काम. मी फक्त कॅमेरा धरतो. ते गेली कित्येक वर्षं प्लगच्या भोकात टॉर्च मारून आत बघत आले होते. व्हॉल्व्ह बंद होताना जिच्यावर टेकतो ती सीट पडद्यावर बघितल्यावर म्हणाले, "साहेब, हे आधी का नाही आणलंत?"

आता तारीख. बॅटरी पूर्ण उतरली की या कॅमेऱ्याचं घड्याळ १ जानेवारी २०२० वर जातं. आपण तारीख लावायची, दोन आठवडे कॅमेरा हँगरच्या कपाटात राहिला की पुन्हा १ जानेवारी २०२०. त्यात कार्ड पुसलं की फोटोंचे क्रमांकही पुन्हा एकपासून. चौघांपैकी जो हजर असेल तो कॅमेरा वापरतो, त्यामुळे जून, सप्टेंबर, नोव्हेंबर सगळे एकाच दिवशी काढल्यासारखे एकत्र पडलेले. सर्व्हिस सेंटरला पहिल्याच महिन्यात कळवलं. उत्तर आलं, "सर, फोटो तर व्यवस्थित येत आहेत ना?" कुरिअरने मुंबईला पाठवला, पूर्ण चार्ज करून आणि 'तपासला, दोष नाही' असा शेरा मारून परत आला. चार्ज केल्यावर तो दोष दाखवणारच नाही, हे फोनवर किती वेळा सांगायचं! बॅटरी उतरवून बघा एवढीच माझी विनंती होती. ती शेवटपर्यंत कोणी मानली नाही.

काहींना वाटेल, तारखेचं एवढं काय? लग्नाचे फोटो असते तर मीही सोडून दिलं असतं. पण व्हॉल्व्हचा एकटा फोटो फारसं काही सांगत नाही. प्रत्येक इंजिनात रंग थोडे वेगळे, डाग थोडे वेगळे. हा डाग गेल्या वेळी होता का, असला तर एवढाच होता का, यावर सिलिंडर काढायचा की राहू द्यायचा ते ठरतं.

जानेवारीत नेमकं तेच झालं. वार्षिक तपासणीच्या आधीची कॉम्प्रेशन टेस्ट होती. यात ८० पीएसआय दाबाची हवा सोडतात आणि सिलिंडर त्यातली किती धरून ठेवतो ते बघतात. बाकीचे सिलिंडर सत्तरीच्या वर, तीन नंबरचा ६१. सिलिंडरांत १० ते १५ चा फरक पडला की कारण शोधा, असं लायकॉमिंगचं सांगणं आहे. इंजिन गरम करून पुन्हा घेतली, तेच. मग एएमईंनी कान लावला. गळती ऑइल फिलरमधून ऐकू आली तर पिस्टनच्या रिंगा, कार्ब्युरेटरच्या बाजूने आली तर इनलेट व्हॉल्व्ह. आवाज एक्झॉस्टच्या नळीतून येत होता.

कॅमेरा आत सोडला. व्हॉल्व्हच्या तोंडावरची वर्तुळं एका बाजूला सरकलेली, आणि त्या बाजूच्या काठावरचा थर जाऊन तिथे हिरवट झाक आलेली. व्हॉल्व्ह एका जागी गळायला लागला की गरम वायू तिथूनच निसटत राहतो, ती कड आणखी तापते आणि पुढे जळते. ती झाक नवी की जुनी? कार्ड उघडलं. तीन नंबरचे म्हणावेत असे बरेच फोटो, सगळे १ जानेवारी २०२० चे, आणि तीन नंबरचेच आहेत याचीही खात्री नाही, कारण आतून चारही सिलिंडर सारखेच दिसतात. त्या क्षणी मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

वाचवलं ते एएमईंच्या मोबाइलने. सप्टेंबरमध्ये हाताखालच्या मुलाला दाखवायला म्हणून त्यांनी पडद्याचा फोटो काढून ठेवला होता, तीन नंबरचाच, मोबाइलच्या तारखेसह. त्यात वर्तुळं मधोमध, कड सगळीकडे एकसारखी. म्हणजे बदल चार महिन्यांतला. मग चर्चेला जागाच उरली नाही, सिलिंडर उतरवला. व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ते गाइड झिजलेलं, व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नव्हता. दोन्ही बदलले, सीट घासून घेतली. बॅरल शाबूत असल्यामुळे नवा सिलिंडर घ्यावा लागला नाही. हा व्हॉल्व्ह सातमाळ्याच्या डोंगरांवर तुटला असता तर काय, हा विचार चौघांच्याही मनात आला.

इथे पैशाचं सांगतो, कारण माझा राग निम्मा त्यापायी आहे. विमानाच्या खर्चातून माझ्या वाट्याचं जे वाचतं ते मी केनियात एका छोट्या मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) मंडळीच्या चर्चच्या बांधकामाला पाठवतो. मोम्बासाच्या उत्तरेला, किलिफी भागातलं गाव. आम्ही शरणपूरचे, म्हणजे नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती वसाहतीतले. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनच्या शाळेत शिकली, आणि त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्ये मोम्बासाजवळच्या राबाईला गेले. आफ्रिकेचे शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह १८७४ मध्ये इंग्लंडपर्यंत सोबत नेणारा जेकब वेनराइटही नाशिकचाच विद्यार्थी. राबाईच्या शेजारी रिबेला मेथडिस्टांचं काम १८६२ पासूनचं आहे. कामानिमित्त तिकडे गेलो असताना रविवारी ज्या मंडळीत बसलो ती उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये उपासना करत होती, आणि नाशिक म्हटल्यावर दोन म्हाताऱ्या माणसांनी माझा हात धरला. पंथ वेगळा असताना तिकडे कशाला, असं घरात विचारलं गेलं. आमच्या सीएनआयमध्येही (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) १९७० साली मेथडिस्टांची ब्रिटिश शाखा आलेली आहेच. मला तो भेद वाटत नाही.

पाठवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. परदेशी पैसे पाठवण्याच्या आरबीआयच्या एलआरएस योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. फॉर्म ए-२ भरताना परदेशातल्या धार्मिक-धर्मादाय संस्थेच्या देणगीचा कोड एस१३०३ लिहायचा. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापत नाहीत. देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही, ती आशा धरू नका. सगळे चार्जेस पाठवणाऱ्याने भरायचे, हा पर्याय आठवणीने निवडा, नाहीतर मधली बँक आपला वाटा कापून घेते आणि तिकडे हिशोब जुळत नाही.

हिशोबावरून केनियातल्या त्या मंडळीच्या खजिनदार बाईंची गोष्ट. चर्चच्या भिंती तिकडच्या प्रवाळी दगडाच्या ठोकळ्यांच्या, वर मबाती म्हणजे पन्हाळी पत्रा. कामाचा प्रत्येक टप्पा त्या व्हॉट्सअॅपवर पाठवतात, आणि प्रत्येक फोटोत कडेला एक शाळकरी पाटी उभी केलेली असते. खडूने तारीख, टप्पा, त्या दिवशी आलेल्या सिमेंटच्या गोण्या. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत मूळ तारीख शिल्लक राहत नाही, हे त्यांनी कोणी न सांगता ओळखलेलं. देणाऱ्याला हजारो मैलांवरून विचारावंच लागू नये, अशी ती पाटी. जानेवारीच्या त्या आठवड्यात रिंग बीमचा, म्हणजे भिंतींच्या माथ्यावरून फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्याचा, फोटो आला, पाटीसकट, आणि मी तो बराच वेळ बघत बसलो.

तेव्हापासून हँगरमध्ये नळी आत सोडण्याआधी पहिला फोटो चिठ्ठीचा असतो: सिलिंडर नंबर, टॅकोमीटरचे (इंजिन किती चाललं त्याचे) तास, तारीख, कोणी काढला. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, सीट, इनलेट, भिंत, पिस्टन, याच क्रमाने. पुढच्या सिलिंडरला नवी चिठ्ठी. एएमई आता चिठ्ठीशिवाय प्रॉपेलरला हात लावत नाहीत. तारखेपेक्षा टॅकचे तास जास्त उपयोगी, हेही यातून कळलं, कारण उभ्या विमानाचे महिने आणि चाललेल्या इंजिनाचे तास यांचा मेळ नसतो.

सिलिंडरच्या खर्चात त्या तिमाहीचे पैसे गेले. मार्च ते मे हा तिकडचा मोठा पाऊस, आणि पत्रा त्याआधी चढायला हवा होता. मी तसं कळवलं. त्यांनी हरांबे भरवला, म्हणजे गावाने एकत्र येऊन वर्गणी काढायची तिकडची रीत, आणि अर्ध्यावर पत्रा चढवला. माझे पैसे एप्रिलमध्ये गेले, त्यात उरलेला अर्धा झाला. पत्रा ३० गेजचा की २८ चा, यावर बराच खल झाला. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला पातळ पत्रा टिकत नाही म्हणून २८ चाच घ्या, असं मी ठामपणे म्हटलं, आणि फरकाचे पैसे मी भरले.

कॅमेऱ्याचं पुढे असं झालं: वॉरंटी संपल्यावर तो एम. जी. रोडवर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाकडे नेला. त्याने कवच उघडलं, भिंगातून बघितलं आणि घड्याळासाठी बोर्डवर डाळिंबाच्या दाण्याएवढा जो सेल बसवलेला होता तो दाखवला. मुळातच मेलेला. नवा बसवला, चहा येईपर्यंत काम झालं, घेतले ते पैसे कुरिअरच्या एका खेपेपेक्षा कमी. आता बॅटरी उतरली तरी तारीख टिकते. ज्यांना कंपनीने दुरुस्तीचे पैसे देऊन ठेवले आहेत त्यांनी हा सेल एकदाही मोजून बघितला नाही, याला निष्काळजीपणा म्हणतात आणि मी तो तसाच लिहून कंपनीला पाठवला आहे.

म्हणून मत बदललं आहे. फेब्रुवारीत कोणी विचारलं असतं तर घेऊ नका म्हटलं असतं. आज म्हणतो, घ्या. जुन्या विमानाच्या भागीदारीत याच्याइतकी उपयोगी वस्तू या किमतीत दुसरी नाही. बाकीच्या उणिवा किरकोळ आहेत. एलईडी पूर्ण उजेडावर ठेवला तर व्हॉल्व्हची कड चमकून रंग कळत नाही, निम्म्यावर ठेवा. भिंगाला तेल लागलं की चित्र धुरकट होतं, प्रत्येक सिलिंडरनंतर मऊ कापडाने पुसा. नळीचं टोक वळलेल्या अवस्थेत भोकातून ओढू नका, आधी सरळ करा.

घेताना दुकानातच बॅटरी पूर्ण उतरवून रात्रभर ठेवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी चालू करून तारीख बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरीकडे जा. बिलावर 'घड्याळासह वॉरंटी' असं पेनाने लिहून घ्या.