गाडीतल्या वायरलेसचं पेटंट: ‘उघड’ आहे का ठरवायला अमेरिकी कसोटी घ्यावी की युरोपीय?

टायरचा दाब कळवणारा सेन्सर, खिशातली चावी ओळखून उघडणारं दार, दोन गाड्यांनी एकमेकींना दिलेला इशारा, यांतलं काही तुमच्या टीमने नव्याने केलं असेल, तर ‘नवं आहे का’ या प्रश्नाचं उत्तर सहसा लवकर मिळतं. गाडी अडते ती ‘उघड आहे का’ इथे, म्हणजे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ते सहज सुचलं असतं का; तसं असेल तर पेटंट मिळत नाही. अर्ज ज्या देशात, कसोटी त्या देशाची, यात वाद नाही. पण वकिलाकडे जाण्याआधी आपली आपण एक चाळणी लावायची असते. तेव्हा अमेरिकेची ग्रॅहम-केएसआरवाली पद्धत घ्यायची की युरोपची ‘प्रॉब्लेम-सोल्युशन’, हे ठरवावं लागतं. मी दोन्ही वापरल्या आहेत आणि आता एकीकडे झुकलो आहे. मी इंजिनिअर आहे, वकील नाही. पुढचं त्या बेताने वाचावं.

अमेरिकी पद्धत गाडीवाल्यांना मुळात जवळची वाटते. 1966 च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर खटल्यात वाद नांगराचा होता, आणि 2007 च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्समध्ये थेट अ‍ॅक्सिलरेटर पेडलचा: मागेपुढे सरकवता येणारं पेडल आणि त्याला जोडलेला इलेक्ट्रॉनिक सेन्सर. ग्रॅहमने चौकशीचे मुद्दे ठरवून दिले. प्रायर आर्ट (आधीच जाहीर असलेलं तंत्र) काय आहे, क्लेम (ज्यावर हक्क मागितला तो भाग) त्याहून कुठे वेगळा आहे, त्या क्षेत्रातल्या सामान्य जाणकाराची पातळी काय, आणि बाजारातलं यश किंवा जुनी, न भागलेली गरज यांसारखे बाहेरचे पुरावे कोणते. केएसआरने त्यात मोकळेपणा आणला. प्रायर आर्टमधले दोन कागद एकत्र वाचायला त्या कागदांतच लेखी सूचना हवी असा हट्ट नको, जाणकार माणसाला थोडीफार कल्पकता असतेच, आणि मोजकेच, परिणाम ठाऊक असलेले पर्याय समोर असतील तर त्यांतला एक करून बघणं हेही उघडच असू शकतं, असं कोर्टाने म्हटलं.

हे वास्तवाला धरून आहे. इंजिनिअर असाच काम करतो. ‘जुनं युनिट घेतलं, तार काढली, ब्लूटूथ टाकलं’ छापाचे प्रस्ताव या चाळणीत पहिल्याच फेरीत गळतात, आणि गळावेतही.

माझी अडचण वेगळी आहे, आणि निवड तिनेच ठरवली. अमेरिकी पद्धतीत दोन जुन्या गोष्टी जोडण्यामागचं कारण शोधायचं असतं. वायरलेसमध्ये असं कारण कायम तयार असतं: तार गेली, खर्च वाचला, वजन घटलं, जोडणी सोपी झाली. मीटिंगमध्ये कुणीतरी हे वाक्य बोलतं, बाकीचे माना डोलावतात आणि प्रस्ताव बाद होतो. कोर्टांना नुसतं वाक्य चालत नाही. कारण नीट उलगडून सांगावं लागतं आणि ते जोडल्यावर काम होईल अशी रास्त खात्रीही हवी. पण आपल्या टेबलावर ती शिस्त कोण पाळतो? जे कारण प्रत्येक प्रस्तावाला लागू पडतं, त्याने एकाही प्रस्तावाची परीक्षा होत नाही.

उदाहरण टायरच्या सेन्सरचंच घेऊ. प्रत्येक चाकातला सेन्सर 315 किंवा 433 मेगाहर्ट्झवर दाबासोबत आपला ओळखक्रमांक पाठवतो. चाकांची अदलाबदल झाली की कोणता क्रमांक कोणत्या कोपऱ्यात गेला, हे गाडीला कळत नाही. यावरचा एक जुना उपाय म्हणजे प्रत्येक चाकाजवळ 125 किलोहर्ट्झचा छोटा अँटेना बसवायचा आणि एकेका सेन्सरला जागं करून विचारायचं. दुसरा उपाय आज सर्वांना ठाऊक आहे, पण तो आताच कुणाला सुचला असं धरा. सेन्सर चाकाच्या ठरावीक कोनातच संदेश पाठवतो. तो आला त्या क्षणी एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या व्यवस्थेच्या) दातेरी कड्याचा कितवा दात एबीएसच्या सेन्सरसमोर होता, हे गाडी चारही चाकांसाठी टिपते. वळणावळणांवर चारही चाकं सारखीच फिरत नाहीत, त्यामुळे थोड्या अंतराने तीन चाकांचे आकडे विखुरतात आणि एकाचे त्याच दातापाशी जमत राहतात. सेन्सर त्या चाकात आहे.

अमेरिकी चाळणी घाईने लावली तर काय होतं? एबीएस जुनं, सेन्सर जुना, दोन्ही एकाच चाकावर, आणि जोडले तर चार अँटेना वाचतात. कारण सापडलं, विषय संपला. ठरावीक कोनात संदेश पाठवायचं कुठून आलं, हे विचारायच्या आधीच फाइल बंद.

युरोपीय पद्धतीत पायऱ्या ओलांडून पुढे जाता येत नाही. आधी सर्वांत जवळची जुनी गोष्ट निवडा: चार अँटेनावाली व्यवस्था. मग फरक लिहा: ठरावीक कोन आणि दातांशी ताळा. त्या फरकाने प्रत्यक्षात काय साधलं? वेगळे अँटेना न बसवता चाक ओळखता आलं. त्यावरून प्रश्न मांडा, आणि प्रश्नात उत्तराचा वासही येता कामा नये. ‘एबीएस वापरून चाक कसं ओळखावं’ असं लिहिलंत तर कागद परत. शेवटी विचारायचं ते असं: जाणकाराला हे करता आलं असतं का, एवढं पुरत नाही, त्याने हे केलंच असतं का? हा भेद युरोपीय पेटंट ऑफिसच्या अपील मंडळाच्या टी 2/83 या 1984 च्या निर्णयातून रुळला.

आता तेच प्रकरण वेगळं दिसू लागतं. एबीएसचे दात वेगासाठी मोजले जात होते. सेन्सर वाटेल तेव्हा संदेश पाठवत असेल, तर चारही चाकांचे आकडे विखुरलेलेच राहतात आणि त्यातून हाती काही लागत नाही. म्हणजे चाकातल्या सेन्सरमध्ये आणि गाडीतल्या रिसीव्हरमध्ये एकाच वेळी बदल केला तरच फायदा. एकच बदल केला तर शून्य. केवळ खर्च वाचवायला निघालेला माणूस या जोडीपर्यंत गेलाच असता का? कदाचित गेला असता, मी छातीठोकपणे नाही म्हणणार नाही. पण वाद निदान योग्य जागी होतो. माझ्या अनुभवात तरी या पद्धतीने काढलेल्या टिपणावर वकिलाचे उलटप्रश्न कमी आले.

युरोपीय पद्धत निर्दोष आहे असं नव्हे. ‘सर्वांत जवळचं’ काय धरता यावर निकाल फिरू शकतो, म्हणून शंका असेल तर दोन वेगवेगळ्या आरंभबिंदूंपासून गणित मांडावं. दुसरं दुखणं अपील मंडळाच्या ‘कॉमविक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्णयाचं. टी 641/00 हा 2002 चा निर्णय मोबाइलबद्दलच होता: एकाच सिमवर दोन ओळखी, म्हणजे कामाचे आणि खासगी कॉल वेगळे आकारता येतील. जो भाग तांत्रिक नाही, तो उघडपणा तपासताना पारड्यात धरायचा नाही, उलट तो प्रश्नातच घालता येतो, असं तिथे ठरलं. तुमचं संशोधन टोलच्या दररचनेभोवती किंवा विम्याच्या हप्त्याभोवती फिरत असेल, तर युरोपीय चाळणीत हातात फारसं उरणार नाही. अमेरिकेत ते उघडपणाच्या प्रश्नात कदाचित तगेल, पण तिथे पेटंटयोग्य विषयाचा वेगळा अडसर उभा आहेच.

गाडी-ते-गाडी संवादात मात्र कुठलीही पद्धत घ्या, सारखाच मार बसतो. 2010 चं 802.11पी हे वाय-फाय घराण्यातलं मानक, थ्रीजीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संघटनेच्या रिलीज 14 मधलं सी-व्ही2एक्स (मोबाइल तंत्रावरचा गाडी-संवाद), आणि मानकं ठरवण्याच्या बैठकांत कंपन्यांनी मांडलेले ढीगभर जाहीर प्रस्ताव, हे सगळं प्रायर आर्टच. एकाच अडचणीवरचे तीन-चार पर्याय तिथे ओळीने लिहिलेले असतात. त्यांतला एक उचलून, वेगळा परिणाम न दाखवता क्लेम केला, तर दोन्हीकडे उत्तर सारखंच. हे कागद आधी चाळा, कसोटीचा विचार नंतर.

अमेरिकी पद्धतीचं एक बलस्थान मान्य करायला हवं: बाहेरच्या पुराव्यांना तिथे ठरलेली जागा आहे. बिनचावीच्या दारांचा सिग्नल रिलेने पुढे पोहोचवून गाडी उघडता येते, हे 2011 मध्ये झ्युरिकच्या संशोधकांनी दहा मॉडेल्सवर दाखवलं. अल्ट्रा-वाइडबँड या रेडिओ तंत्राने चावीचं अंतर मोजणारं डिजिटल चावीचं मानक 2021 मध्ये आलं. मधल्या काळात कुणी त्यावर खरा उपाय शोधला असेल, तर न भागलेल्या गरजेचा मुद्दा त्याच्या कामाचा आहे. पण चाळणी लावताना उत्पादन बाजारात नसतं, त्यामुळे यश, नक्कल वगैरे पुरावे तेव्हा हाताशी नसतात. त्यांचा खरा उपयोग पुढे, खटल्यात.

तेव्हा मला विचाराल तर पहिलं टिपण युरोपीय पद्धतीने काढा, अर्ज फक्त अमेरिकेत करायचा असला तरी. त्यानंतर खर्च, वजन, बॅटरी, जोडणी ही नेहमीची कारणं एकेक करून त्याच टिपणावर आपटून बघा आणि प्रत्येकासमोर लिहा, की हे कारण क्लेममधल्या नेमक्या वैशिष्ट्यापर्यंत का पोहोचत नाही. सोबत चाचण्यांचे आकडे जपून ठेवा: कोन ठरलेला नसताना दातांचे आकडे किती विखुरले, ठरवल्यावर किती जमले. संदेश गेले नाहीत, चाक चुकीचं ओळखलं गेलं, त्या फेऱ्यांचेसुद्धा.