स्लीव्हच्या ऑपरेशननंतरचे 16 महिने: चालणं, रबरी पट्टे, पोहणं आणि कूलरची बादली

मागच्या वर्षी मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरताना माझ्या हातातून बादली सुटली. पूर्ण भरलेली नव्हती, अर्धीच होती. वजन उतरवायच्या स्लीव्हच्या ऑपरेशनला 4 महिने झाले होते, वजन 118 वरून 94 वर आलं होतं, भेटेल तो शाबासकी देत होता, अन् मी बाल्कनीतल्या त्या पाण्यात बसून रडले. 118 किलोची असताना हीच बादली मी रोज काठोकाठ भरून उचलायचे. 24 किलो उतरले तर अंग हलकं व्हायला पाहिजे होतं. मग बळ कुठे गेलं?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात पुढचं वर्ष गेलं. त्यात जे जे विकत घेतलं, वापरलं, सोडलं, त्याचा हा अनुभव आहे. ऑपरेशन करावं की नाही, यावर मी लिहीत नाही. ज्यांचं झालं आहे आणि जे आता "चालतो नं रोज, पुरे झालं" असं म्हणतात, त्यांच्यासाठी लिहिते आहे. मीही तेच म्हणत होते.

आधी माझी माहिती, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. वय 47, उंची 156 सेंटीमीटर, डायबिटीस, बीपी, दोन्ही गुडघे दुखरे. जानेवारी 2024 मध्ये दुर्बिणीतून स्लीव्हचं ऑपरेशन झालं. यात जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. राहते नागपुरात, त्रिमूर्ती नगरच्या बाजूला, तिसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही. नोकरी सीताबर्डीकडे, दिवसभर खुर्चीवर.

चालणं दवाखान्यातच सुरू झालं. ऑपरेशनच्याच संध्याकाळी सिस्टरांनी हाताला धरून उठवलं अन् कॉरिडॉरमध्ये दोन चकरा मारायला लावल्या. पडून राहिलं तर पायाच्या शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होऊ शकतात, म्हणून ही घाई असते. सोबत श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं ते फुप्फुसांच्या व्यायामाचं प्लास्टिकचं यंत्र. घरी आल्यावर दर तासाला 5 मिनिटं हॉल ते स्वयंपाकघर, मग गच्ची, मग कॉलनीतली बाग. पहिले 6 आठवडे 5 किलोच्या वर काहीही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि ते मी पाळलं. माझ्या सासूबाई मात्र शेवटपर्यंत म्हणत होत्या, "काहून एवढी फिरून राहिली? ऑपरेशन केलं नं आता, आराम कर." त्यांची काळजी खरी होती. आपल्याकडे ऑपरेशन म्हटलं की सव्वा महिना अंथरूण, हेच डोक्यात असतं.

तिसऱ्या महिन्यात मी रोज 8,000 पावलं चालत होते. मनगटावरचा बँड आकडा दाखवायचा, काटा खाली येत होता, मी खूश. त्याच सुमारास केस मूठमूठ गळायला लागले, पण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात हे बऱ्याच जणांना होतं असं आधीच सांगितलं होतं, म्हणून फार घाबरले नाही. मग आली ती बादली.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. त्यांनी एक साधी परीक्षा घेतली. हात छातीवर बांधायचे आणि 30 सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. माझे झाले 7. सातव्या वेळी मांड्या थरथरत होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही फक्त चरबी नाही घालवली, स्नायूही घालवून राहिल्या." वजन एवढ्या वेगाने उतरतं तेव्हा शरीर चरबीसोबत स्नायूही खातं. ते वाचवायला दोनच गोष्टी लागतात, पोटात पुरेसं प्रोटीन आणि स्नायूंवर नियमित भार. चालण्याने हृदय सुधारतं, साखर सुधारते, पण दंडाला आणि पाठीला चालण्यात फारसं कामच नसतं. माझी दोन्हीकडे कमतरता होती. डॉक्टरांनी दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन सांगितलं होतं, अन् मी लिहून बघितलं तर जेमतेम 35 होत होतं. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, आणि एका वेळी पोटात मावतात चार चमचे. त्यामुळे ताटात आधी अंडं, पनीर, मुगाचं धिरडं किंवा घट्ट दही, आणि जागा उरलीच तर पोळीचा तुकडा. तरीही कमी पडतं, म्हणून दिवसातून एकदा प्रोटीन पावडर घेते.

आता वस्तूंकडे येते. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सगळ्यात स्वस्त गोष्टीचा, म्हणजे रबरी व्यायाम-पट्ट्यांचा. तीन ताणांचा संच साधारण 600 रुपयांना मिळाला. दाराच्या कडीत अडकवून दोन्ही हातांनी छातीकडे ओढायचं, पायाखाली दाबून दंड वर करायचे, गुडघ्यांच्या वर गुंडाळून आडवी पावलं टाकायची. पहिल्या आठवड्यात सगळ्यात हलका पट्टाही मला 6 वेळाच ओढता यायचा. गुडघे दुखतात त्यांच्यासाठी हे उत्तम, कारण सांध्यावर आदळआपट नाही. एक मात्र लक्षात ठेवा. या एप्रिलमध्ये मी ते धुऊन बाल्कनीच्या तारेवर वाळत घातले आणि विसरले. दोन दिवसांच्या आपल्या उन्हात ते आधी चिकट झाले, मग बारीक चिरा पडल्या, आणि मधला पट्टा ओढताना फटकन तुटून हनुवटीवर बसला. वळ आठवडाभर राहिला. सावलीत ठेवा, वापरण्याआधी ताणून चिरा बघा. तरीही माझ्याकडून 5 पैकी साडेचार.

पट्ट्यांच्या जोडीला जोर-बैठका, पण माझ्या पद्धतीच्या. जोर भिंतीला हात टेकून, मग ओट्याला टेकून, आता पलंगाच्या कडेला. बैठका म्हणजे खुर्चीवर टेकायचं अन् उठायचं. वजन म्हणून आधी पाण्याच्या लिटरच्या बाटल्या, मग कणकेची 5 किलोची पिशवी छातीशी धरून. डंबेल्स दिवाळीनंतर घेतले. आठवड्यातून तीन दिवस, 25 मिनिटं, एवढंच. पोटाचे व्यायाम मात्र पहिले 3 महिने पूर्ण बंद होते आणि नंतरही डॉक्टरांना विचारूनच सुरू केले. अंग दुखलं की पटकन दुखण्याची गोळी घ्यायची माझी जुनी सवय होती, तीही मोडावी लागली. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या या ऑपरेशननंतर जठराला त्रास देऊ शकतात, म्हणून विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

बूट. इथे माझे पैसे वाया गेले. ऑपरेशनआधीच "आता चालायचंच आहे" म्हणून 3,400 रुपयांचे बूट घेतले. पाचव्या महिन्यात टाच आत सरकायला लागली, फोड आले, दोन मोजे घालून बघितले. वजन उतरलं की पाऊलही आवरतं, सूज आणि चरबी दोन्ही जातात, हे मला माहीत नव्हतं. माझा एक नंबर कमी झाला. पहिल्या सहा महिन्यांसाठी मध्यम किमतीचे घ्या, महागडे नंतर. गुडघ्यांचं म्हणाल तर खरंच फरक पडला. वजन 1 किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने कमी होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. माझे आजवर 42 किलो उतरले, हिशोब तुम्हीच करा. आता सुभाष नगर मेट्रो स्टेशनचा जिना मी रोज चढते. परत येताना एक स्टेशन आधी उतरून चालत येते. रविवारी सेमिनरी हिल्सचा चढ, जपानी गार्डनच्या बाजूने.

उन्हाळा हा आपल्या नागपूरकरांचा वेगळा विषय आहे आणि इतर गावच्या सल्ल्यांत तो सापडत नाही. "दिवसभरात कधीही 30 मिनिटं चाला" हे मे महिन्यात इथे कसं जमणार? 2024 च्या मेअखेर इथल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले होते. तो आकडा यंत्रातल्या बिघाडाचा निघाला, पण 45 तर खरेच होते. आणि ऑपरेशननंतर आपण एका दमात ग्लासभर पाणी पिऊ शकत नाही. घोट घोट प्यायचं, जेवणानंतर अर्धा तास थांबायचं, आणि तरी दिवसात दीड ते दोन लिटर पूर्ण करायचं. मागच्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, मी सकाळी 8 ला बागेत गेले, चौथ्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी आली. एका काकांनी बाकावर बसवलं, कोणीतरी ओआरएस आणून दिलं. घरी बीपी मोजलं तर फारच कमी. वजन उतरलं तरी बीपीच्या गोळीचा जुना डोस तसाच चालू होता! डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तो निम्मा केला. डायबिटीस, बीपीची औषधं चालू असतील तर व्यायाम वाढवताना तपासणीची तारीख पुढे ढकलू नका, हे हात जोडून सांगते. आता उन्हाळ्यात माझी वेळ पहाटे 5 ते 6, आणि 750 मिलिची बाटली कमरेला. तिच्यावर मी मार्करने चार रेघा मारल्या आहेत, 15 मिनिटांना एक रेघ.

याच कारणाने या वर्षी एप्रिलपासून महिलांच्या बॅचला पोहायला जाते. पोहता येत नव्हतं, म्हणून पहिले 15 दिवस छातीभर पाण्यात नुसती चालले. पाण्यात गुडघे आहेत हेच जाणवत नाही. खरी अडचण वेगळी होती. दंडाची, पोटाची, मांड्यांची कातडी लोंबते, आणि पोहण्याचा पोशाख घालून सगळ्यांसमोर जायचं. मी दोनदा गेटपर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा माझ्या ताईने सोबत केली, पूर्ण बाह्यांचा पोशाख शोधून दिला, आणि आत कोणी वळूनही बघितलं नाही. लोंबणाऱ्या कातडीला घामाने पुरळ येतं, तिथे सुती पातळ कापड आणि अंग नीट कोरडं करणं एवढंच मला उपयोगी पडलं. घट्ट दाबून धरणारे ते टाइट्स हिवाळ्यात छान, उन्हाळ्यात इथे अशक्य. पोहण्याला 5 पैकी 4. एक गुण यासाठी कापला की पाण्यात असताना तहान कळत नाही, आणि हाडांना लागतो तो भार पाण्यात मिळत नाही. या ऑपरेशननंतर हाडं विरळ होण्याचा धोका असतो, म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी12 कायमचं मागे लागलं आहे, आणि वजन उचलणंही.

जिमचा अनुभव वाईट. घराजवळच्या एका जिममध्ये वर्षाचे पैसे एकदम भरले. ट्रेनरला ऑपरेशनचं सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, उपाशीपोटी कार्डिओ करा, अजून लवकर उतरेल." तिसऱ्या दिवशी ट्रेडमिलवर घेरी आली. वर प्रोटीनऐवजी "फॅट कटर" घ्या म्हणून आग्रह. मी सोडलं, पैसे परत मिळाले नाहीत. जिम वाईट नसते, पण ज्याला हे ऑपरेशन म्हणजे काय ते माहीत नाही त्याच्या हाती स्वतःला देऊ नका. आधी दोन-चार वेळा फिजिओथेरपिस्टकडे शिका, मग कुठेही जा.

मनगटी बँडला 3. पावलं मोजतो, पण मी उचललेलं वजन त्याला कळत नाही, आणि सातव्या महिन्यात काटा सलग 5 आठवडे हलला नाही तेव्हा त्या आकड्यांनी जीव नुसता खाल्ला. तेव्हा कामी आला शिवणकामाचा टेप. वजन जागेवर, पण कंबर 4 सेंटीमीटर कमी.

आज वजन 76 आहे. खुर्चीची परीक्षा मागच्या आठवड्यात पुन्हा दिली, 30 सेकंदांत 16. पुतणीच्या लग्नात खाली पंगतीत बसले आणि जमिनीला हात न टेकता उठले. हिवाळ्यात अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्या चढून रामटेकला गडमंदिरात गेले, दोनदा थांबले पण चढले. 20 वर्षांनी.

कूलर आता सकाळी 6 ला भरते. डाव्या हाताने जाळी धरायची, बादली आधी गुडघ्यावर टेकवायची, मग कमरेशी, मग एका झटक्यात वर. भरलेली, काठोकाठ. खालच्या माळ्यावरच्या आजींचा कूलरही मीच भरून देते. त्यांच्या टाकीला 3 बादल्या लागतात.