‘रेझिस्टन्स आला असेल’ म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून सावध

लेकीला ताप होता, घसा सुजलेला, टॉन्सिलवर पांढरे ठिपके. डॉक्टरबाईंनी घशाचा स्वॅब तपासायला पाठवला. त्यात स्ट्रेप्टोकोकस हा जंतू निघाला, म्हणून अमॉक्सिसिलीन या पेनिसिलीनच्या कुळातल्या अँटिबायोटिकचा दहा दिवसांचा कोर्स लिहून दिला. मोबाईलवर ऑर्डर घेऊन औषधं घरपोच देणाऱ्या एकाने चिठ्ठीचा फोटो मागवला आणि त्याच दिवशी कॅप्सूल आणून दिल्या. बिल ‘मागाहून पाठवतो’ म्हणाला. ते आजतागायत आलेलं नाही.

कॅप्सूल पोटात गेली की ताप उतरायचा आणि काही तासांत पुन्हा चढायचा. घसा मात्र होता तसाच, उलट थुंकी गिळणंही जड जाऊ लागलं. विक्रेत्याला फोन केला तर साहेबांकडे उत्तर तयार होतं: “हल्ली सगळ्यांनाच रेझिस्टन्स येतो हो, जंतू औषधाला दाद देत नाहीत. याच्यापेक्षा भारी औषध आहे माझ्याकडे, पाठवू का?”

डॉक्टरबाईंनी आधी डोस चुकले का ते विचारलं. चुकले नव्हते. मग त्यांनी विक्रेत्याचं म्हणणं साफ खोडून काढलं. पेनिसिलीन १९४० च्या दशकात वापरात आलं आणि स्टॅफिलोकोकससारखे जंतू थोड्याच वर्षांत त्याला तोडणारं एन्झाइम बनवून निगरगट्ट झाले, हे खरं. अमॉक्सिसिलीनला क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची जोड देतात ती त्या एन्झाइमला अडवण्यासाठीच. पण घशातला हा ‘ए’ गटाचा स्ट्रेप्टोकोकस? पेनिसिलीनला अजिबात दाद न देणारा असा जंतू आजवर एकाही रुग्णात नोंदला गेलेला नाही. “औषध दाखवा,” त्या म्हणाल्या.

खोक्यावरचा बॅच नंबर एक, स्ट्रिपवरचा दुसरा. ओल्या अंगठ्याने चोळलं तर एक्सपायरीची शाई पुसली गेली. कॅप्सूल उघडली तर आत पांढरी भुकटी. अमॉक्सिसिलीनला जो उग्र, गंधकासारखा वास असतो तो नावालाही नाही. वासावरून निकाल लावायचा नसतो, म्हणून उरलेल्या कॅप्सूल तपासणीला दिल्या. अहवालात अमॉक्सिसिलीन शून्य, होतं ते थोडं पॅरासिटामॉल. ताप का उतरायचा ते तेव्हा कळलं. नुसता खडू भरला असता तर आम्ही लवकर डॉक्टरांकडे गेलो असतो. पॅरासिटामॉल घालण्यातच खरी लबाडी होती.

या जंतूवर वेळेत इलाज झाला नाही तर काहींना, विशेषतः शाळकरी वयात, संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. आजार सुरू झाल्यापासून साधारण नऊ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झालं तर हे टळतं. आमचे त्यातले बरेच दिवस त्या भुकटीने खाल्ले. अस्सल औषध सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी लेक नीट गिळू लागली.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. नकली कोर्स घेतलेला माणूस पुढे बिनधास्त सांगतो, ‘मला पेनिसिलीन चालतं, ॲलर्जी नाही.’ अहो, पण ते त्याच्या अंगात गेलेलंच नसतं!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अंदाज दिला होता की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातलं एक औषध निकृष्ट किंवा बनावट असतं, आणि त्यांच्याकडे आलेल्या तक्रारींत अँटिबायोटिक्स आघाडीवर होती. त्यामुळे बॅच नंबर लिहिलेलं बिल हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन-तीन दिवसांत फरक दिसला नाही, तर औषध बदलायचं का हे विक्रेत्याला नाही, डॉक्टरांना विचारा. आणि जाताना खोकं, स्ट्रिप, उरलेल्या कॅप्सूल सगळं बरोबर न्या. औषध नियंत्रकांकडे तक्रार केली तेव्हा पहिली मागणी त्याचीच झाली. त्या विक्रेत्याचा नंबर तोवर बंद झाला होता.