एसव्हीएनअ‍ॅडमिन व्हेरिफाय: आठ महिने वापरून, एका पर्यायापायी दोन तारे कापले

सबव्हर्जन म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि ती साठवण धड आहे का हे तपासणारा त्यातला आदेश म्हणजे एसव्हीएनअ‍ॅडमिन व्हेरिफाय; याहून जास्त सांगत बसत नाही. माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे.

आठ महिन्यांपूर्वी डिस्कवर संशय आला म्हणून १४ हजार रिव्हिजनच्या (नोंदवलेल्या बदलांच्या) रिपॉझिटरीवर, म्हणजे त्यांच्या साठ्यावर, व्हेरिफाय लावलं. सर्व्हरवर सबव्हर्जनची १.८ आवृत्ती होती. ८४१२ व्या रिव्हिजनला चेकसम (मजकूर बिघडला नाही ना हे पडताळणारा आकडा) जुळेना, आणि गडी तिथेच आडवा. पुढच्या साडेपाच हजारांचं काय? -आर (कुठल्या रिव्हिजन तपासायच्या ते सांगणारा पर्याय) देऊन ८४१३ पासून मीच पुढे हाकलला, तर ८४१५ ला बसला. पुन्हा हाकलला, ८४२१ ला बसला. असं अकरा वेळा. ज्याचं कामच बिघाड शोधणं, त्याने पहिला बिघाड दिसताच हातपाय गाळायचे? मर्क्युरिअल या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं व्हेरिफाय शेवटपर्यंत जातं, चुका मोजतं आणि वर पहिला बिघडलेला चेंजसेट (तिथली रिव्हिजन) बहुधा कोणता तेही सांगतं.

यावरचा उपाय २०१५ सालीच १.९ मध्ये आला होता: --कीप-गोइंग, म्हणजे बिघाड दिसला तरी थांबू नको. अपग्रेडचा आळस माझा, कबूल. तो लावल्यावर एका फेरीत सगळं तपासून झालं आणि खाली बिघडलेल्या रिव्हिजनची यादी आली. एक्झिट कोडही (आदेश संपताना देतो तो आकडा; शून्य म्हणजे सगळं ठीक) शून्य नाही, म्हणजे रात्रीच्या क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप आदेश चालवणाऱ्या सोयीला) गडबड कळते. तेव्हा पाच तारे देणार होतो.

मग यादी मोजली. ३७! झोप उडाली. दोन दिवसांनी उलगडलं की खराब फाइल एकच, ८४१२ ची. एफएसएफएस (सबव्हर्जनची साठवणीची पद्धत) फाइलचा नवा मजकूर जुन्यावरचा डेल्टा (फक्त फरक) म्हणून ठेवतं, तोच मजकूर पुन्हा आला तर जुन्याकडेच बोट दाखवतं. बाकीच्या छत्तीस तिच्यावर टेकलेल्या. जुन्या बॅकअपमधली डीबी/रेव्ह्ज/८/८४१२ ही फाइल आणून ठेवली आणि ३७ च्या ३७ बऱ्या झाल्या. मूळ दुखणं एकच आहे एवढं यादीने सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते. तरी अकरा वेळा हाकलण्यापेक्षा हे शतपटीने बरं, म्हणून त्याचा तारा कापत नाही.

दोन तारे कापतोय ते हा पर्याय आपणहून चालू नसतो म्हणून. गेल्या महिन्यात नव्या मशीनवर क्रॉन लिहिताना मीच तो विसरलो. मेलमध्ये एकच रिव्हिजन बिघडलेली दिसली आणि मी निवांत चहा प्यायला गेलो.