लाकूड, वीज की गॅस? गावाची स्मशानभूमी बांधताना

वडिलांना विद्युतदाहिनीत नेलं तेव्हा माझ्या हातात पेटता कापूर होता आणि तो कुठे ठेवायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. ट्रॉली रुळांवर होती. दार वर गेलं, आतली लालभडक भट्टी दिसली, कर्मचारी "मागे सरा" म्हणाला आणि ट्रॉली आत गेली. गुडघ्यांमुळे आई तेव्हा पायऱ्यांपाशीच होती. तिला दिसलं ते बंद दार.

नगरपरिषदेच्या समितीत बसून तुम्ही यंत्र निवडणार असाल, तर भाव आणि मिनिटं कंपनीवाले सांगतीलच. मला रडणाऱ्या माणसाच्या बाजूने बोलायचं आहे.

लाकडाच्या चितेला साधारण तीनशे-चारशे किलो लाकूड आणि पाच-सहा तास लागतात. धूर होतो, शेजारची वस्ती तक्रार करते, पावसाळ्यात ओली लाकडं पेटता पेटत नाहीत आणि मग रॉकेल-डिझेल ओतावं लागतं, ते घरच्यांना बघवत नाही. पण चितेपाशी माणसाला वेळ मिळतो. पाणी पाजणं, मडकं खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला अश्म्याने, म्हणजे विधीतल्या दगडाने, पाडलेलं छिद्र, अग्नी, सगळं डोळ्यांसमोर होतं. कवटी फुटल्याचा आवाज येईपर्यंत चार माणसं थांबतात. अस्थी सावडायला तिसऱ्या दिवशी पुन्हा यायचं असतं, आणि तेवढ्या अवधीत मन थोडं सावरतं.

विद्युतदाहिनीत काम दीड-दोन तासांत होतं, अस्थी त्याच दिवशी मिळतात. मुलं परगावाहून एका दिवसासाठी आलेली असली तर हे फार सोयीचं. मात्र थंड भट्टी तापायला काही तास जातात. रोज अनेक अंत्यसंस्कार होणाऱ्या शहरात ती तापलेलीच राहते. आठवड्याला दोन-तीन मयत असलेल्या गावात घरचे तिरडीशेजारी ताटकळतात, आणि वीज गेली तर विचारूच नका.

गॅसदाहिनी लवकर तापते. पंख्यापुरती वीज लागते, ती छोट्या जनरेटरवर भागते. फक्त भरलेले सिलिंडर साठ्यात आहेत ना, हे रोज बघणारा माणूस हवा. लहान गावाला मी गॅसच सुचवेन, आणि ज्यांना लाकूडच हवं त्यांच्यासाठी शेजारी उंच छपराखाली दोन चौथरे. एक पद्धत बंद करून दुसरी लोकांच्या गळी उतरवू नये.

पण घरच्यांना वीज आणि गॅस यांत काहीच फरक दिसत नाही. त्यांना दोन्हीकडे एक दार दिसतं. म्हणून खरा पैसा त्या दारासमोरच्या जागेवर घाला.

जपानमध्ये नाकात्सु इथे वास्तुविशारद फुमिहिको माकी यांनी 1997 साली बांधलेलं दहनगृह पाहा. निरोपाची जागा, दहनाची जागा आणि अस्थी गोळा करण्याची जागा तिथे वेगवेगळ्या आहेत, मध्ये पाण्याचा शांत चौक. तिथेही घरचेच चॉपस्टिकने अस्थी वेचतात, आपल्या सावडण्यासारखंच. स्टॉकहोममध्ये वास्तुविशारद गुन्नार आस्प्लुंड यांनी 1940 मध्ये पूर्ण केलेल्या दहनगृहात लहान प्रार्थनागृहांना स्वतंत्र थांबण्याची खोली आणि अंगण दिलं, एका घरचं दुःख दुसऱ्या घराच्या पायात येऊ नये म्हणून. आपल्याकडे पहिल्यांचं आटोपायच्या आधी दुसरी तिरडी दारात टेकलेली असते.

हे जसंच्या तसं उचलू नका. आपल्याला हवा तो तिरडी उतरवायचा ओटा, भोवती तीन फेऱ्या मारता येतील एवढी मोकळी जागा ठेवून. शेजारी नळ आणि पाण्याला उतार. मडकं फुटतं तिथे खापऱ्या लगेच झाडणारा माणूस, कारण सगळे अनवाणी असतात. कापूर ठेवायची ठरलेली जागा आणि आवाज न करता मिटणारं दार. आता बायकाही येतात, तेव्हा त्यांच्यासाठी स्वच्छ संडास आणि पाठ टेकायला बाक. अस्थींच्या कलशावर त्याच क्षणी नाव लिहिलं जावं, अदलाबदलीची शंका माणसाला आयुष्यभर पोखरते.

नकाशा हाती आला की शववाहिका थांबते तिथपासून दाहिनीच्या दारापर्यंत बोट फिरवा, आणि गुडघे दुखणारी सत्तर वर्षांची बाई एकही पायरी न चढता, दार मिटण्याआधी तिथवर पोचते का ते बघा.