वहीतला पहिला नंबर चार वेळा खोडला: ‘ज्युरासिक वर्ल्ड: द गेम’, चौदा महिन्यांनंतर

गेल्या उन्हाळ्यात भाचा नागपूरहून सुट्टीला आला आणि माझ्या मोबाइलमध्ये हा गेम टाकून गेला. तो गेला, गेम राहिला. काढून टाकायचं मनात होतं, पण त्याचा रोज संध्याकाळी फोन यायचा, “मामा, माझ्या ट्रायसेराटॉप्सला खायला घातलं का?” आता उपाशी कोणाला ठेवायचं म्हणून मी घालत गेलो आणि अडकलो.

मी वरोऱ्याला एका जिनिंगमध्ये हिशेबाला आहे. सीझनमध्ये काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की रात्री दोन-दोन वाजतात. एका गाडीपासून दुसऱ्या गाडीपर्यंत पाच-सात मिनिटं हातात असतात आणि हा गेम नेमका तेवढ्याच तुकड्यांत खेळता येतो. हिशेबनिसाची खोड म्हणून मी एक वही घातली आणि आमच्या पार्कातल्या प्रत्येक डायनासोरला ताकदीप्रमाणे नंबर दिला. पहिल्या नंबरावरचं नाव आजवर चार वेळा खोडलंय. हा अनुभव मुख्यतः त्या खोडाखोडीचा आहे.

ज्यांनी गेम पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१५ साली त्याच नावाचा सिनेमा आला, त्याच वर्षी कॅनडात मॉन्ट्रियलच्या लुडिया कंपनीनं हा गेम काढला. इस्ला नुब्लार बेटावर आपण पार्क बांधायचा, अंडी उबवायची, पिल्लांना खाऊ घालून लेव्हल वाढवायची आणि तिघातिघांच्या लढाया करायच्या. पार्क सजवणं वगैरे भाचा करतो. मला त्यात रस नाही. रस्ता कुठून कुठे जातो एवढं पाहिलं की माझं झालं.

मला धरून ठेवलं ते लेव्हलच्या गणितानं. डायनासोर नुसता खायला घालून दहाव्या लेव्हलपर्यंतच जातो. पुढे न्यायचा तर त्याच जातीचे दहाचे दोन एकत्र करावे लागतात, म्हणजे फ्यूज. त्या दोघांचा एक होतो आणि विसापर्यंत चढतो. विसाचे दोन जोडले की तिसापर्यंत, तिसाचे दोन जोडले की चाळीसपर्यंत. म्हणजे चाळीसच्या एका जनावरामागे आठ अंडी. आता इंडोमिनस रेक्स बघा. तो टी-रेक्स आणि व्हेलोसिरॅप्टरचा संकर आहे आणि दोघे आईबाप चाळीसला गेल्याशिवाय त्याचं दार उघडत नाही. आठ आणि आठ, सोळा अंडी, आणि तीही फक्त दारापर्यंत पोचायला. मग इंडोमिनस स्वतः चाळीसला न्यायला परत तेवढाच उपद्व्याप. पुढे इंडोरॅप्टर हवा असेल तर इंडोमिनस आणि व्हेलोसिरॅप्टर. पहिल्यांदा हे कागदावर मांडलं तेव्हा चहा थंड झाला. असं चक्रवाढ व्याज कुठल्या सावकारानंही लावलं नसेल.

आता नंबरांकडे येतो.

पहिली यादी मी फेरोसिटीवरून केली. गेममध्ये प्रत्येक जनावराला हा एक आकडा दिलेला असतो. जीव किती आणि हल्ला किती या दोन्हींचा मिळून तो बनतो. मोठा आकडा वर, छोटा खाली, झाली यादी. भाचा खूश, मीही खूश. पंधरा दिवसांत लक्षात आलं की वरच्या पाचांतले तिघे घेऊन उतरलो तरी हरतोय.

खरं तर हे मला आधी कळायला हवं होतं. आमच्याकडे कापूस येतो तेव्हा नुसतं वजन बघून कोणी भाव देत नाही. धाग्याची लांबी बघतात, ओलावा बघतात, कवडी म्हणजे खराब कापूस किती तो बघतात. दोन गाड्यांचं वजन सारखं असतं आणि मालात जमीन-अस्मानाचा फरक असतो. फेरोसिटीचं तसंच आहे. समजा दोन डायनासोरांचा आकडा जवळजवळ एकच आहे. एकाचा जीव मोठा आणि फटका साधा, दुसऱ्याचा फटका जबर पण दोन टोल्यांत आडवा. पहिला पुढे उभा राहून मार खाण्याच्या कामाचा. दुसरा शेवटी येऊन काम उरकण्याच्या. यादीत मात्र दोघे शेजारी.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी, ती म्हणजे वर्ग. जमिनीवरच्या लढाईत चार वर्ग आहेत आणि ते गोल फिरतात. मांसाहारी शाकाहाऱ्याला भारी, शाकाहारी उडत्याला, उडता उभयचराला आणि उभयचर पुन्हा मांसाहाऱ्याला. भारी असाल तर फटका दीडपट बसतो, उलट असाल तर निम्मा. समजा ४०० चा फटका आहे. तोच एकदा ६०० होतो आणि एकदा २००. जनावर तेच, लेव्हल तीच, समोर कोण आहे त्यावर तिप्पट फरक. ज्या यादीत ‘समोर कोण’ हा रकानाच नाही ती यादी कसली? माझा त्या वेळचा पहिला नंबर, टी-रेक्स, एका कूलासुकसनं असा मळला की मी मोबाइल उलटा ठेवून दिला. कूलासुकस उभयचर आहे. खराही तसाच होता, ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या किनाऱ्याकडे सापडलेला, पसरट डोक्याचा. तो डायनासोर नव्हताच. उडते टेरोसॉरही डायनासोर नव्हेत. गेमला त्याचं सोयरसुतक नाही. व्हेलोसिरॅप्टर तर खरा टर्कीएवढा आणि अंगावर पिसं असलेला होता, इथे तो माणसाच्या खांद्याला लागतो.

मग दुसरी यादी झाली, चार रकान्यांची. ही जरा बरी चालली. पण त्यातही एक चूक होती आणि ती मला महागात पडली.

दिवाळीच्या सुमाराला माझ्याकडे विसाव्या लेव्हलचे दोन ट्रायसेराटॉप्स होते. शाकाहाऱ्यांत पहिला नंबर त्यांचाच. मी विचार न करता दोघांना जोडून टाकलं. आला एक जाडजूड, शिंगांवर नवा रंग चढलेला एकवीसचा ट्रायसेराटॉप्स. दोन दिवस सगळ्यांना दाखवत फिरलो. तिसऱ्या दिवसापासून लढायांत समोर येणारे एकदम तगडे व्हायला लागले. माझ्या बाजूला एकच पहिलवान, बाकी दोघे दहाचे. वहीत मागचे निकाल चाळून पाहिले तर हे आधीही झालेलं होतं. माझा सर्वात वरचा जितका वर जातो तितके प्रतिस्पर्धी वर सरकतात. म्हणजे एकाला फुगवलं की त्याचा दंड उरलेल्यांनी भरायचा. शिवाय दोन लढवय्ये होते तिथे एकच उरला. लढाई झाल्यावर जनावराला विश्रांती लागते आणि जितकं तगडं तितकी ती लांबते. म्हणजे पहिला नंबर एकदा लढून झोपला की पुढचे कितीतरी तास बाकीच्यांवरच भागवायचं. बक्स, म्हणजे गेममधलं चलन, खर्च करून त्याला उठवता येतं, पण बक्स काय झाडाला लागतात?

हे होईतोवर नाताळची सुट्टी आली आणि भाचाही आला. त्यानं वही वाचली. तळाच्या दोन स्टेगोसॉरसवर मी ‘निरुपयोगी’ असा शेरा मारला होता. मी कामावर गेलो असताना त्यानं दोघांना विकून डीएनए (हेही गेममधलं एक चलन) घेतलं. संध्याकाळी अभिमानानं सांगितलं, “मामा, तूच तर लिहिलं होतं!” आता स्टेगोसॉरस आणि ट्रायसेराटॉप्स मिळून स्टेगोसेराटॉप्स होतो, आणि तो संकर मला हवा होता. लागणाऱ्या आठांतले दोन गेले. पोराला काय बोलणार, शेरा माझ्याच अक्षरातला. त्या दिवसापासून वहीत ‘निरुपयोगी’ हा शब्द बंद.

आणि खरंच, तळाचा डायनासोर किती कामाचा असतो ते जानेवारीत कळलं. त्याची एक लढाई सविस्तर सांगतो, कारण सगळा गेम तिच्यात आहे.

रात्रीचे साडेबारा, काट्यावर गाडी, ड्रायव्हर पावतीसाठी ताटकळलेला. माझे तिघे: पुढे दहाचा ट्रायसेराटॉप्स, मागे विसाचा टेरॅनोडॉन आणि विसाचा टी-रेक्स. समोर पहिलाच कूलासुकस, माझ्या कोणाहीपेक्षा तगडा. लढाईत दर चालीला पॉइंट मिळतात. सुरुवातीला मोजकेच, मग वाढत जातात. प्रत्येक पॉइंट हल्ल्याला लावा, ब्लॉकला लावा किंवा रिझर्व्हमध्ये टाका. समोरच्यानं तीन ब्लॉक केले आणि तुम्ही चार मारले तर एकच लागतो. हातात जास्तीत जास्त आठ साठतात. मी ट्रायसेराटॉप्सकडून एकही फटका मारला नाही. थोडं ब्लॉक, बाकी सगळं रिझर्व्ह. तो मार खात उभा राहिला आणि तिसऱ्या चालीला पडला. पण तोवर माझ्याकडे चांगली शिल्लक जमली होती. टेरॅनोडॉन आला. उडता, म्हणजे उभयचराला दीडपट भारी. समोरच्यानं आपले जवळजवळ सगळे पॉइंट हल्ल्यात उडवले होते, ब्लॉकला कितीसे ठेवले असणार? मी हात राखून ठेवला नाही, सगळे लावले. कूलासुकस एका चालीत गारद. पुढे स्टेगोसॉरस उतरला, तो शाकाहारी, म्हणजे टेरॅनोडॉनला धोका. एक पॉइंट देऊन मी टेरॅनोडॉन मागे घेतला आणि टी-रेक्स पुढे केला. तेवढ्यात ड्रायव्हरनं खिडकीतून हाक मारली, “भाऊ, पावती!” पावती फाडून दिली, परत मोबाइल उचलला, उरलेले दोघे टी-रेक्सनं संपवले.

या लढाईत पहिला नंबर कोणाला द्यायचा? माझ्या मते पडलेल्या ट्रायसेराटॉप्सला. तोच तो, विसाचे दोघे जोडल्यावर मागे उरलेला दहाचा.

तेव्हापासून तिसरी यादी आहे आणि ती मी फारशी बदललेली नाही. आता मी एकेकट्याला नंबर देत नाही, कामाप्रमाणे देतो. ‘पुढे उभा राहणारा’ या रकान्यात जीव मोठा असलेले, लेव्हल कमी असली तरी चालेल. ‘मारणारा’ या रकान्यात हल्ला मोठा असलेले, पण प्रत्येक वर्गातला निदान एकेक. तिसरा रकाना ‘बाकावरचा’, म्हणजे वरचे विश्रांतीला गेले की उतरणारे. यांची लेव्हल वरच्यांपेक्षा फार मागे पडू द्यायची नाही. नवीन खेळणाऱ्याला एकच सांगेन, चारही वर्गांत सारख्या उंचीचे दोन-तीन होईपर्यंत काहीही फ्यूज करू नका. एक इंडोमिनस आणि सात पिल्लं, ही सर्वात वाईट टीम.

इंडोमिनस माझ्याकडे अजून नाही. टी-रेक्सची सहा अंडी झाली, रॅप्टरची तीन. ज्यांच्याकडे आहे त्यांचा तो पहिला नंबर असणारच, संकर आईबापांपेक्षा तगडा असतो. पण तोही मांसाहारीच, कूलासुकससमोर त्याचा फटकाही निम्माच.

पाण्यातले आणि हिमयुगाच्या काळातले प्राणी वेगळे, त्यांचे वर्गही वेगळे. मी तिकडे फार गेलो नाही. अन्न एकाच कोठारातून जातं, तीन घरं चालवणं झेपत नाही.

पैशांचं म्हणाल तर मी एक रुपया घातलेला नाही. दर महिन्याची व्हीआयपी वर्गणी आहे, कार्डांचे पॅक आहेत, आणि ते दिसतात मोठे छान. माझं मत, घेऊ नये. पैसे घालून वरचा डायनासोर घेतला तर समोरचेही वर सरकतात, हे वर सांगितलंच. मुलांच्या हातात मोबाइल देणार असाल तर खरेदीला पासवर्ड लावून ठेवा. आमच्याकडे बहिणीनं लावलाय, भाच्याला तो माहीत नाही, आणि ते तसंच राहू दे. समोर कोणा खेळाडूचं नाव दिसतं खरं, पण चाली बघून मला तरी तो यंत्राशीच खेळ वाटतो. त्याची मला तक्रार नाही. यंत्र रात्री साडेबाराला पावतीसाठी थांबतं, माणूस थांबला नसता.

एक फायदा मात्र अनपेक्षित झाला. भाच्यानं विचारलं, आपल्याकडे होते का डायनासोर? मी शोधत बसलो आणि चाट पडलो. आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात, डोंगरगावच्या टेकडीत एका लांब मानेच्या डायनासोरचा सांगाडा मिळाला होता. १९९७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि २००३ मध्ये त्याला इसिसॉरस नाव मिळालं, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. जवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरांच्या लेंड्यांचे दगड झालेले सापडतात, आणि त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं. डायनासोर गवत खात होते हे जगाला आमच्या तालुक्यातल्या शेणावरून कळलं, हे मी जिनिंगमध्ये सगळ्यांना सांगून झालोय. कोणी विश्वास ठेवत नाही.

गुजरातेतला राजासॉरस तर गेममध्येच आहे. तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात सापडलेला, डोक्यावर शिंगासारखा उंचवटा असलेला मांसाहारी. नाव २००३ सालचं. भाच्याचं म्हणणं, तो आपला आहे, त्याला पहिला नंबर दे. मी म्हटलं, अरे, आपल्याकडे त्याचं अंडंसुद्धा नाही. फोनवर बराच वेळ भांडला. शेवटी मांसाहाऱ्यांच्या रकान्यात टी-रेक्सच्या खालची एक ओळ मी कोरी सोडली आहे, आणि आठवड्यातून एकदा ती अजून कोरीच आहे ना याची तो खात्री करून घेतो.